सूर्य बुडाल्यानंतरचा उजेड

महाबळेश्वरच्या बॉम्बे पॉइंटवर सूर्य डोंगरांआड गेला की पाच-दहा मिनिटांत कठडा रिकामा होतो. गाड्या सुरू होतात, कणसंवाले शेगड्या विझवू लागतात, मुलांना हाका मारल्या जातात. आभाळाचा दुसरा प्रहर मात्र अजून यायचा असतो. मावळतीचा केशरी रंग उतरून पश्चिम फिकट पडते, आता संपलं असं वाटतं, आणि मग क्षितिजाच्या बऱ्याच वर एक गुलाबी-जांभळी झाक हळूहळू चढू लागते. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरही ती उतरते. इंग्रजीत हिला ‘आफ्टरग्लो’ म्हणतात. तिन्हीसांजेचा सगळाच उजेड म्हणजे आफ्टरग्लो नव्हे. एकदा ओसरून पुन्हा आलेला असा हा रंग आहे. मला तो सूर्यास्ताहून अधिक मोलाचा वाटतो.

तो येतो कसा, हे समजल्यावर त्याची गोडी वाढते. आपल्या पायाखालची जमीन अंधारात गेलेली असली तरी डोक्यावर वीसेक किलोमीटर उंचीवरच्या हवेला सूर्य अजून दिसत असतो. तिथवर पोचणारे किरण वातावरणातून इतकं लांबचं अंतर तिरपे कापून आलेले असतात, की त्यांतला निळा बहुतेक वाटेतच विखरून गेलेला असतो. उरलेला तांबडा त्या उंचावरच्या सूक्ष्म कणांवर पडतो, वरच्या आभाळाची निळाई त्यात मिसळते आणि जांभळा रंग तयार होतो. त्याच सुमारास पाठ फिरवून पूर्वेकडे पाहावं. क्षितिजालगत निळसर करडा पट्टा वर सरकताना दिसतो. ती पृथ्वीची सावली. आपण उभे आहोत त्या गोलाची सावली उघड्या डोळ्यांनी दिसते आणि त्यासाठी एक पैसाही पडत नाही!

धुळीने आणि धुराने सूर्यास्त रंगतो, असं सर्रास सांगितलं जातं. ते फारसं खरं नाही. जमिनीलगतची धूळ रंग मळवून टाकते. थंडीतल्या मुंबईच्या धुरक्यात सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच विरून जातो, मागे काही उरतच नाही. परतीच्या पावसाने हवा धुऊन निघाली की कोकणात आणि घाटमाथ्यावर हा रंग स्वच्छ दिसतो. रंगाला कण हवेत, पण फार उंचावर, पावसाच्या हाताला न लागणारे.

असे कण उंचावर पोचले की काय होतं, हे 1883मध्ये साऱ्या जगाने पाहिलं. 26 आणि 27 ऑगस्टला जावा आणि सुमात्रा यांच्यामधल्या सामुद्रधुनीत क्राकाताऊ ज्वालामुखी फुटला. छत्तीस हजारांहून जास्त माणसं गेली, त्यांतली बहुतेक समुद्राच्या लाटांनी. गंधकाचे वायू स्थितांबरात शिरले, त्यांचे आम्लाचे बारीक थेंब झाले आणि सुमारे दोन आठवड्यांत त्या कणांच्या पट्ट्याने विषुववृत्ताभोवती एक फेरी पूर्ण केली. सप्टेंबरमध्ये मद्रासकडे सूर्य हिरवा दिसला. नोव्हेंबरमध्ये ते कण युरोप-अमेरिकेच्या आभाळात पोचले. अमेरिकेत पकीप्सी आणि न्यू हेवन या गावांत तर पश्चिमेचा भडका पाहून कुठेतरी मोठी आग लागली, असं समजून आगीचे बंब धावले.

लंडनमध्ये त्या दिवसांत विल्यम ॲस्क्रॉफ्ट नावाचा चित्रकार चेल्सीत, टेम्स नदीकाठी बसून पेस्टल रंगांनी आभाळ टिपत होता. 26 नोव्हेंबरला तिथे सूर्य चारच्या आतच बुडाला. त्याची त्या संध्याकाळची चित्रं सूर्य गेल्यानंतरची आहेत. एक रेखाटन पुरं होतं न होतं तोच रंग बदले, की तो दुसरं घेई. अशी पाचशेहून अधिक चित्रं त्याने केली. रॉयल सोसायटीने क्राकाताऊवरचा आपला जाडजूड अहवाल 1888मध्ये काढला, तेव्हा त्याच्या आरंभी ॲस्क्रॉफ्टची त्यांतली काही रेखाटनं छापली. रंगीत छायाचित्रण हाताशी नव्हतं, त्या काळात शास्त्रज्ञांना त्याच्या बोटांवर विसंबावं लागलं. तिकडे लँकेशायरमध्ये स्टोनीहर्स्टला शिकवणारा जेझुइट कवी जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स ‘नेचर’ नियतकालिकाला पत्रं लिहून या उजेडाचा पोत नेहमीच्या मावळतीहून कसा वेगळा आहे, हे बारकाईने नोंदवत होता. त्या सामुद्रधुनीच्या किनाऱ्यावरची प्रेतं आणि टेम्सवरची ती गुलाबी शोभा, दोन्ही एकाच स्फोटाची. हे आठवलं की त्या चित्रांकडे नुसतं ‘सुंदर’ म्हणून पाहवत नाही, आणि तरीही ती सुंदरच आहेत.

‘आफ्टरग्लो’ हा शब्द पुढे फार फिरला. चांगल्या मैफलीनंतर मनात रेंगाळणाऱ्या सुखालाही इंग्रजीत तो लावतात. तो वापर आता गुळगुळीत झाला आहे. खगोलशास्त्रज्ञांच्या हाती मात्र त्याला पुन्हा धार आली. गॅमा किरणांचा एखादा स्फोट काही क्षणांत आटोपतो. नंतर क्ष-किरणांत, दृश्य प्रकाशात, रेडिओ लहरींत जे मागे धुमसत राहतं, तो त्याचा आफ्टरग्लो. 1997च्या फेब्रुवारीत असा पहिला क्ष-किरणांतला उजेड सापडला आणि हे स्फोट किती दूरवर होतात, या वादाचा निकाल लागायला सुरुवात झाली.

17 ऑगस्ट 2017ला सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची खबर आली. आधी गुरुत्वीय लहरी, पाठोपाठ दोनेक सेकंदांची गॅमा किरणांची चमक. रेडिओ लहरींत काही दिसायला मग दोन आठवड्यांहून जास्त वाट पाहावी लागली. वाट पाहणाऱ्यांत जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणही होती: पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, काही खोडदला दाटीने, बाकीच्या नारायणगावच्या आसपास शेताशिवारांतून दूरवर पसरलेल्या. त्यांनी तो उजेड कमी वारंवारतेवर टिपला. हे तेज मावळत जाण्याऐवजी पाच महिने वाढतच राहिलं, मगच उतरलं. स्फोटातून निघालेला झोत आपल्या रोखाने नव्हता, थोडा बाजूने चालला होता, हे शास्त्रज्ञांना त्या उशिरा चढत गेलेल्या तेजाने सांगितलं. दोन सेकंदांच्या चमकेवरून ते निश्चित झालं नसतं.