सांडपाण्याची खबर

२०२० च्या मार्चमध्ये विमानं थांबली आणि माझी पुतणी अमेरिकेत अडकली. मिशिगनमधल्या हॉलंड या डच लोकांनी वसवलेल्या गावात होप कॉलेज आहे. ख्रिस्ती, लहानसं, विद्यार्थी ३००० च्या आसपास. शिकवणं संगणकावर गेलं. वहिनी फोनवर रोज एकच विचारायच्या, "ऊट आतेनवा?"

ऑगस्टमध्ये वर्ग पुन्हा भरले. येणाऱ्या प्रत्येकाची आधी चाचणी. शिवाय वसतिगृहांच्या सांडपाण्याचे नमुने तपासायचे! लक्षणं दिसण्याआधीही विषाणू शौचातून बाहेर पडतो. म्हणून ज्या भागाच्या पाण्यात तो सापडेल, तिथल्या मुलांना चाचणीला बोलवायचं. आपल्याकडे तुंबल्याशिवाय गटाराची आठवण कुणाला होते?

ऑक्टोबरमध्ये पुतणीला बोलावणं आलं. निकाल येईपर्यंत वहिनी देव पाण्यात घालून बसल्या.

"काका, मला काही नाही. पण शेजारच्या खोलीतल्या मुलीला वेगळं ठेवलंय. तिला साधी शिंकसुद्धा नव्हती हो."

तेव्हापासून वहिनी फोनवर दोघींच्या जेवणाची चौकशी करू लागल्या. त्या मुलीचं नाव मात्र त्यांना शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही.