खिशातला ओपिनेल

ओपिनेल हा फ्रान्सच्या साव्हॉय या डोंगराळ प्रदेशातला, लाकडी मुठीचा घडीचा चाकू आहे. पाते मुठीतल्या खाचेत मिटते आणि उघडल्यावर मुठीच्या तोंडाशी असलेली पोलादी कडी फिरवली की पक्के बसते. पाते, मूठ, खिळा, बसती कडी आणि फिरती कडी असे त्याचे अवघे पाच भाग आहेत. त्यात स्प्रिंग नाही, स्क्रू नाही आणि दाबायची कळही नाही. मापे क्रमांकाने ओळखली जातात. त्यांतला सर्वांत परिचित आठ नंबर: पाते साडेआठ सेंटिमीटर, मिटल्यावर लांबी सुमारे 11 सेंटिमीटर आणि वजन 50 ग्रॅमच्या आत. प्रस्तुत लेखकाच्या खिशात कित्येक वर्षे याच मापाचा, साध्या कार्बन पोलादाचा ओपिनेल रोज असतो. पुढील बरेचसे विवेचन त्या रोजच्या वापरातून आलेले आहे.

या चाकूचा कर्ता जोसेफ ओपिनेल 1872 मध्ये जन्मला. साँ-जाँ-द-मोरियेन या गावाजवळच्या एका खेड्यात त्याच्या वडिलांची भट्टी होती आणि तिथे कुऱ्हाडी, कोयते, छाटणीची हत्यारे बनत. 1890 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, जोसेफने आसपासच्या शेतकऱ्यांच्या खिशात मावेल असा स्वस्त आणि मजबूत चाकू घडवला. लाकडी मुठीला खाच पाडण्याचे काम हाताने वेळखाऊ होते, म्हणून त्यासाठी त्याने यंत्रही तयार केले. 1897 मध्ये एक ते बारा अशी बारा मापे ठरली. त्यांतली एक आणि अकरा ही पुढे बंद झाली. पात्यावर दिसणारा मुकुटधारी हाताचा शिक्का 1909 पासूनचा आहे. हात साँ-जाँ-द-मोरियेनच्या नगरचिन्हातला आणि मुकुट साव्हॉयच्या जुन्या राजघराण्याची आठवण म्हणून. 1911 मध्ये इटलीतील तुरीनच्या प्रदर्शनात या चाकूला सुवर्णपदक मिळाले.

मूळ चाकूला फिरती कडी नव्हती. पाते फक्त मुठीच्या घर्षणावर उघडे राही आणि जोर उलट्या दिशेने पडला तर बोटांवर मिटण्याची भीती असे. 1955 मध्ये ओपिनेल घराण्यातल्याच मार्सेलने फिरती कडी बसवली आणि ती भीती गेली. पुढे तिच्यात सुधारणा होऊन मिटलेले पातेही कुलूपबंद करता येऊ लागले. खिशात चाकू बाळगणाऱ्याच्या दृष्टीने ही दुसरी सुधारणा पहिलीइतकीच मोलाची आहे, कारण किल्ल्या आणि सुटे पैसे यांच्या गर्दीत चाकू आपोआप उघडत नाही. सहा नंबरपासून पुढच्या मापांनाच ही कडी असते. त्याहून लहान चाकू अजून जुन्याच पद्धतीने, घर्षणावर चालतात.

ओपिनेल जन्माला आला त्याच, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात खिशातल्या चाकूचे आणखी दोन प्रसिद्ध प्रकार घडत होते. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनरने 1891 मध्ये सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली आणि 1897 मध्ये अनेक अवजारांच्या अधिकारी-चाकूची नोंदणी केली. जपानमध्ये मिकी या लोहारांच्या गावात हिगोनोकामी हा दुमडलेल्या पत्र्याच्या मुठीचा चाकू बनू लागला आणि शाळकरी मुले पुढे कित्येक वर्षे त्याने पेन्सिली तासत राहिली. तिन्हींमध्ये ओपिनेल आणि हिगोनोकामी हे नुसते चाकू आहेत, तर स्विस चाकू ही अवजारांची पेटी आहे. रोजच्या कामात कात्री, पेचकस आणि बूच-काढणे यांची गरज क्वचित पडते, पात्याची मात्र दिवसातून अनेकदा. म्हणून साधा चाकूच अधिक सोयीचा, हे लेखकाचे ठाम मत आहे.

महाराष्ट्रात घडीचा चाकू खिशात ठेवण्याची रीत फारशी रुजली नाही. इथे रोज जवळ बाळगायचे धारदार साधन म्हणजे चंचीतला अडकित्ता, आणि शेतावर जाणाऱ्याच्या हाती विळा किंवा कोयता. घडीचा चाकू म्हटला की लोकांना हिंदी चित्रपटातला रामपुरी आठवतो. त्यामुळे चारचौघांत चाकू उघडला की प्रथम नजरा वळतात. पार्सलची सुतळी कापून किंवा पेरूच्या फोडी करून तो पुसून मिटला, की पुढच्या वेळी तीच माणसे हक्काने मागायला येतात. देताना मात्र चाकू मिटून द्यावा, किंवा घरोघरी सुरी-कात्रीच्या बाबतीत पाळतात त्याप्रमाणे समोर खाली ठेवावा.

ओपिनेल दोन प्रकारच्या पोलादात मिळतो. एक साधे कार्बन पोलाद आणि दुसरे स्वीडिश स्टेनलेस. कार्बन पोलादात सुमारे 0.9 टक्के कार्बन असतो आणि क्रोमियम नगण्य. ते गंजते, पण त्याला धार लवकर लागते, बारीक लागते आणि घरच्या साध्या दगडावर लागते. स्टेनलेसमध्ये क्रोमियम भरपूर असल्याने पृष्ठभागावर ऑक्साइडचा अदृश्य थर राहतो आणि गंज चढत नाही. समुद्रावर, होडीत किंवा मासे कापायला वापरायचा असेल तर स्टेनलेसच घ्यावा. इतर सर्वांसाठी कार्बन पोलाद अधिक समाधान देते, फक्त वापरून झाल्यावर पाते पुसायची सवय हवी.

कार्बन पोलादाचे नवे पाते आरशासारखे चकचकीत असते आणि तसे ते फार दिवस राहत नाही. पहिली कैरी किंवा पहिले लिंबू कापले की काही मिनिटांत पात्यावर राखाडी डाग उमटतात. सफरचंद, पेरू, कच्चे केळे यांनी ते निळसर होतात आणि मधेच जांभळी, सोनेरी झाकही दिसते. फळांतली आम्ले पोलादाचा पृष्ठभाग किंचित खातात आणि टॅनिन लोखंडाशी संयोग पावून काळपट संयुग तयार करते. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो तो याच क्रियेने, आणि हिरड्याच्या अर्कात लोखंडाचा अंश मिसळून शाई होते तीही याच क्रियेने. हा थर गंज नव्हे. गंज तांबडा, भुसभुशीत असतो आणि धातूत खोल शिरतो. हा काळा थर घट्ट चिकटून राहतो आणि तांबड्या गंजाला बराच अटकाव करतो. ज्या घरात जुनी लोखंडी विळी आहे तिथे हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, कारण तिचे काळे पाते आणि पांढरी धार रोज डोळ्यांसमोर असते. अनेक जण नवे पाते मुद्दाम बटाट्यात किंवा व्हिनेगरमध्ये ठेवून एकाच वेळी काळे करतात. त्याने थर एकसारखा येतो खरा, पण वापरातून आपोआप चढलेला थर अधिक टिकाऊ असल्याचा अनुभव आहे.

धारेविषयी सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण चाकूची उपयुक्तता सर्वस्वी तिच्यावर अवलंबून आहे आणि बहुतेकांच्या घरातल्या सुऱ्या बोथट असतात. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, जोर लावला की ते घसरते आणि इजा होते ती अशीच. ओपिनेलचे पाते पातळ असल्याने त्याला धार लावणे सोपे जाते. मध्यम जाडीच्या कणांचा, म्हणजे 1000 क्रमांकाचा, पाणी लावून वापरायचा दगड पुरेसा आहे. दगड ओला करून पाते त्यावर सुमारे 20 अंशांत टेकवावे आणि मुळापासून टोकापर्यंत एकाच कोनात फिरवावे. काही वेळाने धारेच्या वरच्या बाजूला बोट अलगद आडवे फिरवले तर बारीक खरखर लागते. ती पात्याच्या पूर्ण लांबीवर जाणवली की पाते उलटून दुसरी बाजू घ्यावी. दोन्ही बाजू झाल्यावर हलक्या हाताने आलटून पालटून काही घासण्या द्याव्यात. शेवटी न्हाव्याच्या दुकानात असतो तसल्या चामड्याच्या पट्ट्यावर पाते धारेच्या उलट दिशेने ओढले की उरलीसुरली खरखर निघून जाते. परीक्षा वर्तमानपत्राच्या कागदावर करावी. कागद हवेत धरून पाते वरून ओढले असता तो न फाटता सरळ चिरला गेला, तर धार लागली. रोज वापरणाऱ्याला पट्टा आठवड्यातून एकदा आणि दगड अधूनमधून लागतो. रस्त्यावरच्या फिरत्या चाकावर मात्र हा चाकू देऊ नये. चाक कोरडे आणि वेगवान असल्याने पातळ धार तापते, पोलादाचा कडकपणा उतरतो आणि पाते पाहता पाहता झिजते.

लाकडी मूठ हा या चाकूचा सर्वांत सुंदर आणि सर्वांत हट्टी भाग आहे. ती बीच नावाच्या युरोपीय वृक्षाच्या लाकडाची असते. बीच कठीण, बारीक रेषांचे आणि कोरायला चांगले लाकूड आहे, पण ते हवेतला ओलावा भराभर घेते आणि तसाच सोडते. लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही, रुंदीत फुगते. त्यामुळे ओलावा वाढला की मुठीतली खाच अरुंद होते आणि पाते आवळले जाते. साव्हॉयच्या शेतकऱ्यांना हे पावसात आणि बर्फात जाणवत असे. महाराष्ट्रात त्याची परीक्षा याहून कडक होते. वैशाखात पुण्याच्या कोरड्या हवेत मूठ आकसते, पाते सैल पडते आणि अंगठ्याने सहज उघडते. तोच चाकू आषाढात रत्नागिरी किंवा सावंतवाडीला नेला की दोन-तीन दिवसांत पाते खाचेत असे रुतते की पात्यावरच्या नखखाचेत नख घालून ओढले तर नखच मोडावे.

यावरचा उपाय साव्हॉयच्याच लोकांनी शोधला आहे आणि फ्रान्समध्ये तो ‘साव्हॉयवाल्याचा ठोका’ अशा अर्थाच्या नावाने ओळखला जातो. कडी मोकळी करून चाकू कडीपाशी धरायचा आणि मुठीचे मागचे टोक टेबलाच्या कडेवर किंवा दगडावर नेमके, बेताच्या जोराने ठोकायचे. मूठ जागीच थांबते, पाते मिळालेल्या वेगाने थोडे पुढे सरकते आणि त्याचे टोक खाचेतून बाहेर डोकावते. मग ते चिमटीत धरून उघडता येते. कोकणातल्या पडवीत, बाहेर मुसळधार पाऊस चालू असताना, जांभ्या दगडाच्या कठड्यावर हा ठोका दिला की पाते बाहेर येते. आल्प्समधल्या शेतकऱ्याची युक्ती सह्याद्रीखाली तितकीच चालते, याचा लेखकाला दर पावसाळ्यात आनंद होतो.

ठोका हा तात्पुरता उपाय आहे. कायमचा उपाय जवसाच्या तेलाचा. मे महिन्यात, लाकूड पुरते कोरडे असताना, मुठीला आणि विशेषतः खाचेच्या आतल्या भिंतींना जवसाचे तेल चोळावे, रात्रभर मुरू द्यावे आणि वर राहिलेले पुसून टाकावे. जवसाचे तेल हवेत घट्ट होते आणि लाकडाची भोके बुजवते. असे दोन-तीन हात दिले की मूठ पावसाळ्यात फार कमी फुगते. तेलाने भिजलेले फडके गोळा करून कोपऱ्यात फेकू नये. हे तेल वाळताना उष्णता सोडते आणि चुरगाळलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते, म्हणून ते उघड्यावर पसरून वाळवावे. सांध्यातल्या खिळ्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो आणि पात्याला पावसाळ्यात खोबरेलाचे एक बोट. चाकू पाण्यात बुडवून धुणे किंवा रात्रभर सिंकमध्ये ठेवणे या दोन्ही गोष्टी वर्ज्य आहेत.

रोजच्या वापरातली कामे किरकोळ असतात: पाकिटाची कड, खोक्यावरची चिकटपट्टी, सुतळी, पेन्सिलीचे टोक, डब्याबरोबरची काकडी आणि आंब्याच्या दिवसांत आंबा. पाते पातळ असल्याने फळाच्या सालीत ते अलगद शिरते. याच कारणाने ते डब्याची झाकणे उचकटायला, स्क्रू फिरवायला किंवा तार कापायला वापरू नये, कारण टोक मोडते. मोडलेले टोक दगडावर घासून पुन्हा आणता येते, मात्र पाते तेवढे आखूड होते.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. शस्त्र नियम, 2016 प्रमाणे 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या वर्गात येतात आणि घरगुती, शेतीच्या किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळलेले आहेत. ओपिनेलचे आठ नंबरचे पाते या मर्यादेच्या पुष्कळ आत आहे. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली मनाई आदेश जारी असेल त्या काळात सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगू नये, आणि मिरवणूक, मतदान केंद्र, न्यायालय अशा ठिकाणी तो घरी ठेवावा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी लक्षात ठेवावे की तिथे सबळ कारणाशिवाय बाळगता येतो तो 3 इंचांपर्यंत धारेचा आणि पक्का न होणारा घडीचा चाकू. कडी असलेला आठ नंबर त्यात बसत नाही, पण बिनकडीचा पाच नंबर बसतो.

नवा चाकू घेणाऱ्याने आठ नंबर कार्बन पोलादाचा घ्यावा, हात लहान असेल तर सात नंबर. त्याबरोबरच धार लावायचा दगडही घ्यावा. विमानाच्या केबिनमध्ये चाकू चालत नाही, म्हणून प्रवासाच्या आदल्या रात्री तो खिशातून काढून चेक-इनच्या बॅगेत ठेवावा. विसरल्यास तो सुरक्षा तपासणीच्या टेबलावरच सोडून द्यावा लागतो.