घडविणे आणि सांगणे

आपल्या समाजात धंद्यांची एक अलिखित उतरंड आहे. वस्तू निर्माण करणारा वरच्या पायरीवर, ती विकणारा त्याच्याखाली आणि तिची जाहिरात करणारा अगदी तळाशी, अशी ही मांडणी होय. आम्ही स्वतः वरच्या पायरीवरून तळाशी आलो असल्यामुळे तिचा विचार करण्याचा थोडाबहुत अधिकार आम्हांस प्राप्त झाला आहे, असे वाटते.

सुमारे आठ वर्षे आम्ही पुण्यास दोन मित्रांच्या भागीदारीत संगणकाची एक लहानशी कंपनी चालवीत होतो. उसाची तोडणी, वजन व देणी यांचा हिशेब शेतकऱ्यास मोबाइलवर पाहता यावा, अशी प्रणाली आम्ही तयार केली होती. ती चालतही होती. परंतु भांडवल पुरविणाऱ्यांनी हात आखडता घेतला, आणि तेच काम एक मोठी कंपनी फुकट करून देऊ लागली. २०२० साली आम्ही तो व्यवसाय गुंडाळला व कुरुंदवाडास घरी परतलो. तेव्हापासून इंटरनेटवर दुसऱ्यांच्या मालाची जाहिरात करणे हा आमचा चरितार्थ झाला आहे. हे स्थित्यंतर ऐकून आमच्या एका वृद्ध आप्तांनी, "म्हणजे आता तुम्ही दवंडी पिटता तर!" असे उद्गार काढले. त्यांत उपहास होता. तथापि वर्णन खोटे नव्हते.

परंतु दवंडीवाचून कोणते घडविणे तडीस गेले आहे? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल या समजुतीने शेतकरी त्यास हात लावीनात. नांगर उत्तम असून पडून राहिला. पुढे शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे पत्र काढले, ते प्रथम कारखान्याच्या मालाची वार्ता देण्याकरिताच. त्यातूनच पुढे मराठीतील एक नामांकित मासिक उभे राहिले, हे वाचकांस ठाऊक आहेच.

आमच्या गावाशी निगडित असलेले उदाहरण तर याहून बोलके आहे. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली 'ग्रेट इंडियन सर्कस' सुरू केली. तिच्या तंबूबरोबर ख्याल गायक रहिमतखाँ गावोगाव हिंडले, आणि घोड्यांच्या कसरती पाहण्यास जमलेल्या लोकांस त्यांचे गाणे ऐकावयास मिळाले. १९२२ साली खाँसाहेबांचा देह कुरुंदवाडासच पडला. तंबूमुळे त्यांचा सूर अधिक गोड झाला नाही; तो दूरवर मात्र गेला.

आजच्या दवंडीची रीत निराळी आहे. शोधयंत्रावर कोणी 'देशी गूळ' असे शब्द लिहिताच, तेथे आपली जाहिरात दिसावी असे इच्छिणाऱ्यांमध्ये निमिषार्धात एक लिलाव होतो. कोल्हापूरच्या बाजारात गुळाच्या ढेपांवर बोली लागते, तशीच ही. भेद इतकाच की, येथे बोली मालावर नसून माणसाच्या नजरेवर असते. केवळ चढ्या बोलीने वरचे स्थान मिळत नाही. मजकूर शोधणाऱ्याच्या कितपत उपयोगाचा आहे, हेही तोलले जाते. आणि पैसे मोजावयाचे, ते कोणी त्या मजकुरावर बोट ठेवले तरच. किती जणांनी पाहिले, किती जणांनी बोट ठेवले व किती जणांनी माल घेतला, हे रोज आकड्यांत समोर येते. एक शब्द फिरविला की आकडे फिरतात. या धंद्याचा खरा मोह आहे तो येथेच. कारण खोटा शब्द पुष्कळदा खऱ्याहून अधिक बोटे ओढतो.

या मोहाची परीक्षा एका गुऱ्हाळाने घेतली. त्याचे मालक जुन्या वळणाचे. काहिलीत उकळणाऱ्या रसाची मळी काढण्यास ते भेंडीचा चिकट रस वापरीत. गुळास पिवळाधमक रंग यावा म्हणून कित्येक ठिकाणी हायड्रॉसची पूड घालतात, तिला ते शिवत नसत. त्यामुळे गूळ तपकिरी निघे, आणि पिवळ्या रंगास भुललेल्या बाजारात त्यास भाव कमी मिळे. हे लोकांस समजावून सांगण्याचे काम आमच्याकडे आले. मालकांच्या चिरंजिवांनी त्यांत एक ओळ घालण्याचा आग्रह धरला: 'मधुमेह असलेल्यांसही चालतो.' इतर असेच लिहितात आणि त्यांचा माल खपतो, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. परंतु गूळ झाला तरी तो बहुतांशी साखरच. रक्तात गेल्यावर तो आपला गुण दाखवितोच. आम्ही नकार दिला, आणि काम जवळजवळ हातचे गेले.

प्रकरण वडिलांच्या कानी गेले. चुलवाणापाशी उभे राहूनच ते म्हणाले, "माझ्या थोरल्या भनीचा पाय साखरेनं गेला. ते लिवू नका."

मग आम्ही लिहिले की, हा गूळ रंगाने काळसर आहे, त्याचे कारण अमुक. आणि मधुमेह असलेल्यांनी इतर गुळाइतकाच यासही जपावे. बोट ठेवणाऱ्यांची संख्या लगेच उतरली. चिरंजीव अद्याप नाराज आहेत. मात्र ज्यांनी एकदा गूळ नेला, त्यांतील काही जण पुढच्या हंगामात आपण होऊन परत आले, आणि रंग पिवळा का नाही, हे त्यांनी विचारले नाही.

प्रणाली लिहीत होतो तेव्हा चूक झाली तर यंत्र अडून बसे. ते आम्हांस खोटे बोलू देत नसे. या नव्या कामात खोटे निर्वेध चालते, किंबहुना त्यास बक्षीस मिळते. अडवणारा असेल तर तो लिहिणाराच. म्हणून हे काम पहिल्यापेक्षा हलके आहे, असे आम्हांस तरी म्हणवत नाही. उतरंडीतील त्याची जागा कोणती, हे ज्याने त्याने ठरवावे. आम्ही उद्या पुन्हा त्याच गुळाची दवंडी पिटणार आहोत.