मस्जिद बंदर ते भुलेश्वर : राळेच्या दागिन्यांचा बाजार

हार्बर लाइनने रोज कामावर जाणाऱ्या आपल्या लोकांना मस्जिद स्टेशन ओळखीचे असते ते गाडीच्या खिडकीतून. वस्तीतल्या कित्येकांचे वडील-आजोबा तेथे गोणी वाहून गेले. त्यांच्या मुली-सुना मात्र त्या गल्ल्यांत कधी उतरल्या नाहीत. गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी आम्ही वस्तीतल्या महिला मंडळाच्या चौघींबरोबर गोवंडीहून तेथे मुद्दाम गेलो. रविवारी घाऊक बाजार बंद असतो, म्हणून शनिवार. काम होते रेझिनचा माल पाहण्याचे. मंडळाच्या भगिनींना घरी लॉकेट, कानातले, किचेन बनवायचे होते. मोबाइलवर पाहून दोघींनी थोडे हात बसवलेही होते. आमचे बी.कॉम. या निमित्ताने तरी मंडळाच्या उपयोगी पडावे, एवढाच आमचा वाटा.

रेझिन म्हणजे आपल्या भाषेत राळ. झाडाची राळ आणि किड्यापासून मिळणारी लाख आपल्याला जुन्या काळापासून ठाऊक आहे. लाखेच्या बांगड्या आपल्या आज्यांनी घातल्या. आजची दागिन्यांची राळ मात्र कारखान्यात तयार होते. तिला इपॉक्सी म्हणतात. फुटलेली बशी चिकटवायला आपण अराल्डाइटच्या दोन ट्यूबा आणतो, एकीतले थोडे आणि दुसरीतले थोडे कालवतो. तेही इपॉक्सीच. दागिन्यांचे रेझिन तिचीच काचेसारखी पारदर्शक, पातळ बहीण. एका बाटलीत राळ आणि दुसरीत तिला घट्ट करणारे हार्डनर असते. दोन्ही एकत्र आले की आतून उष्णता सुटते आणि साधारण दिवसभरात द्रवाचा दगड होतो. साच्यात ओतण्यापूर्वी त्यात वाळलेले फूल, पान, चमकी किंवा अक्षर ठेवले की ते कायमचे आत राहते.

मस्जिद स्टेशनच्या पश्चिमेला उतरले की माणसापेक्षा हातगाड्या जास्त. जवळच सॅम्युअल स्ट्रीट आहे. हे नाव ऐकून मंडळाच्या मावशी म्हणाल्या, "भाऊ, हा कोण साहेब म्हणायचा?" हा साहेब इंग्रज नव्हता. सॅम्युअल दिवेकर हे मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाचे. कोकणात तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी काम बंद ठेवणारा हा समाज. म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. दिवेकरांनी १७९६ साली येथे ज्यूंचे प्रार्थनास्थळ बांधले. लोक त्याला मशीद म्हणू लागले आणि त्यावरून स्टेशनलाही मस्जिद नाव पडले, असे सांगतात. गावात तेली म्हणून ओळखला जाणारा माणूस या शहरात येतो आणि त्याच्या नावाचा रस्ता होतो, हे ऐकून चौघीही जरा थांबून त्या पाटीकडे पाहत राहिल्या.

याच भागाला वडगादी म्हणतात. रंग, मेण, रसायने, फायबरचे सामान यांची दुकाने येथे एकाला एक लागून आहेत. येथे पहिली गोष्ट शिकलो ती अशी की "कास्टिंग रेझिन" एवढे म्हणून माल मागू नये. त्या नावाखाली पॉलिएस्टर रेझिनही मिळते. ते स्वस्त असते. त्यात थेंबांनी कॅटलिस्ट टाकतात. त्याचा वास उग्र आणि डोक्यात जाणारा. मोकळ्या कारखान्यात ते चालते, दहा बाय बाराच्या खोलीत नाही. म्हणून इपॉक्सीच मागावे आणि बाटलीवरचे प्रमाण वाचून घ्यावे. कोणाचे दोनास एक, कोणाचे तिनास एक, कोणाचे समसमान. शिवाय ते प्रमाण वजनाचे आहे की मापाचे, हेही पाहावे. राळ आणि हार्डनर यांचे वजन सारखे नसते, त्यामुळे वजनाचे प्रमाण मापाने घेतले तर माल चिकट राहतो. पेंडी कालवावी तसा अंदाज येथे चालत नाही. हार्डनर जास्त टाकले म्हणजे लवकर वाळेल, हाही गैरसमज. आम्ही एक लहान डिजिटल काटाही घेतला. पावती मागितली तेव्हा दुकानदाराने आमच्याकडे दोनदा पाहिले, पण दिली.

तेथून मोहम्मद अली रोड ओलांडून अब्दुल रहमान स्ट्रीटला आलो. या रस्त्याच्या दक्षिण टोकाला क्रॉफर्ड मार्केट. इमारत १८६९ सालची. आज तिचे अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई आहे, पण टॅक्सीवाला अजून जुनेच नाव विचारतो. आमच्यातल्या सगळ्यात लहान ताईने दर दुकानात हट्टाने "फुले मंडईच्या जवळ ना?" असे विचारले, आणि शेवटी एका पोऱ्याने "हां, हां, फुले मार्केट" म्हटले तेव्हा तिचे समाधान झाले.

अब्दुल रहमान स्ट्रीट म्हणजे वह्या, कागद, शोभेच्या वस्तू आणि आता रेझिनचे सारे सामान. सिलिकॉनचे साचे, मायका पावडर, सोनेरी वर्ख, वाळवलेली फुले, किचेनच्या कड्या. भगिनींचे हात साच्यांवरून हटेनात. आम्ही मात्र एक विचारत होतो, हा साचा किती वेळा चालतो? कडेला चकाकी आहे ना? आतून गुळगुळीत साच्यातला माल गुळगुळीत निघतो, खरखरीत साच्यातला धुरकट. वाळलेली फुले विकत न घेता घरीच वहीत दाबून वाळवावी, असे ठरले. पण ती पूर्ण वाळलेली हवीत. ओले पान राळेत टाकले तर बुडबुडे येतात आणि पुढे ते काळे पडते.

पुढे झवेरी बाजार आणि मुंबादेवीवरून भुलेश्वर. झवेरी बाजारच्या गल्लीतली धूळ झाडून त्यातून सोन्याचे कण काढणारी माणसे आहेत. त्या धुळीला किंमत आहे. भुलेश्वरला इमिटेशनचा बाजार. हुक, साखळ्या, कानातल्याच्या तारा येथे वजनावर आणि डझनावर मिळतात. येथेच एका व्यापाऱ्याने आमच्या ताईंच्या पर्समधली लॉकेटे पाहिली आणि म्हणाला, "माल मैं दूंगा, साचा मैं दूंगा, घर बैठके बनाओ. एक पीस का छे रुपया." वर जागेवर रोख.

चौघींचे चेहरे फुलले. आम्ही त्यांना घेऊन बाजूच्या रसवंतीत बसलो आणि वही काढली. एका लॉकेटला मोजणे, कालवणे, ओतणे, काढणे, घासणे, हुक लावणे धरून हाताचे काम साधारण वीस मिनिटांचे. म्हणजे तासाला तीन नग, तासाचे १८ रुपये. आठ तास मान मोडली तर १४४. वीज आपली, खोली आपली, फुप्फुस आपले. मग स्वतःचा माल केला तर? राळ ८ ग्रॅम, ८ रुपये. रंग व फूल ३. दोरी, हुक १२. साच्याचा वाटा ३. हातमोजे, पेले, पॉलिश पेपर ४. बिघडणारा माल ३. एकूण ३३ रुपये. विक्री ८० रुपयांना. वरचे ४७ आपले, पण माल विकला गेला तरच.

याच बाजारात पाठीवर ओझे वाहणाऱ्यांनी लढून १९६९ साली माथाडी कायदा मिळवला. घरात बसून नगावर काम करणाऱ्या बाईचे तास मोजायला मात्र कोणी येत नाही. तिचे काम "फावल्या वेळेचे" ठरते आणि म्हणून तिचा दर ठरवतो दुसराच. हे आम्ही बोललो तेव्हा मावशी शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तुमचा हिशोब खरा आहे. पण माल कधी विकेल ते सांगता येत नाही, आणि नातवाची फी तर दहा तारखेला भरायची आहे." यावर आमच्या वहीत उत्तर नव्हते. तिघींनी स्वतःचा माल करायचे ठरवले, मावशींनी सहा रुपयांचे काम घेतले. त्यांना चूक म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.

आता घरच्या कामाविषयी. मंडळातल्या एका वहिनींनी पूर्वी हातमोज्यांशिवाय काम केले होते. बोटांना खाज सुटली, मग फोड आले. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितले की इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की थोड्याशा स्पर्शानेही ती पुन्हा उठते. म्हणून हे नियम मंडळाच्या फळ्यावर लिहिले आहेत. हातमोजे नायट्राइलचे वापरावेत. खिडकी-दार उघडे ठेवावे. स्वयंपाकाची भांडी, चमचे वापरू नयेत. पोरेबाळे झोपतात त्या खोलीत ओले साचे ठेवू नयेत. तीन ते पाच मिनिटे सावकाश कालवावे, पेल्याच्या कडा-तळ खरवडावे. मोठा पेला भरून कालवू नये, तो इतका तापतो की धूर निघतो. बुडबुडे टाचणीने फोडावेत. दिवसभराने साच्यातून काढावे, पण पूर्ण टणक व्हायला आणखी दोन-तीन दिवस द्यावेत. घासताना मास्क लावून, पाण्याखाली, पॉलिश पेपरने घासावे. कोरडी भुकटी श्वासात जाऊ देऊ नये. उरलेली राळ मोरीत ओतू नये, घट्ट होऊ द्यावी आणि मग टाकावी. हाताला लागली तर साबण-पाण्याने धुवावे, स्पिरिटने नाही. पावसाळ्यात दमट हवेने माल धुरकट, चिकट होतो, तेव्हा कोरड्या दिवशीच ओतावे. आणि गिऱ्हाइकाला खरे सांगावे, की उन्हात ठेवले तर कालांतराने हे पिवळे पडते.

सध्या मंडळ समाजमंदिराच्या मोकळ्या खोलीत बसून काम करते, म्हणजे कोणाच्या घरात वास राहत नाही. पहिल्या खेपेला ३० लॉकेटे झाली, खर्च ९९०. महिनाभरात १९ गेली, १,५२० आले. हातात ५३० राहिले आणि डब्यात ११ लॉकेटे. फार नाही, पण वहीत लिहिलेले आहे. सर्वांत जास्त मागणी पिंपळाच्या जाळीदार पानाच्या लॉकेटला. ६ डिसेंबरला दादरला स्टॉल लावायचा त्यांचा विचार आहे.

मावशींचेही सांगायला हवे. त्यांच्याबरोबर वस्तीतल्या आणखी सहा बायका तेच काम करू लागल्या. सातही जणी एके दिवशी मिळून भुलेश्वरला गेल्या आणि दर वाढवून मागितला. सहाचे आठ झाले. हातमोजे मागितले, ते अजून मिळालेले नाहीत. दर महिन्याला त्या विचारतात.

ज्या भगिनींना हे काम करायचे आहे त्यांनी आधी एक वही घालावी. उद्योगाची उद्यम नोंदणी करावी. ती सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. नगावर काम घेतले तर आपला तास किती रुपयांना जातो ते मोजावे. आणि मालाला एकटीने जाऊ नये, चौघी मिळून जावे. मस्जिद बंदरच्या गल्ल्या अरुंद आहेत, पण चौघी एका रांगेत सहज चालू शकतात.