धातूचा माग

चंद्रपुरात वीज गेली की पंखे थांबतात, एसी बंद पडतो, काउंटरवरचा कॉम्प्युटर यूपीएसच्या जोरावर थोडा वेळ तग धरतो. एमआरआयच्या खोलीतलं चुंबक मात्र जागच्या जागी तितक्याच ताकदीनं चालू असतं. नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचं वेटोळं उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियमनं थंड ठेवलेलं असतं. त्या थंडीत तारेचा विरोध संपतो आणि एकदा सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षं फिरत राहतो. बाहेर मे महिन्यातला पारा पंचेचाळिशीच्या पार गेलेला आणि भिंतीपलीकडे हे. त्याची ताकद बहुतेक ठिकाणी दीड टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट.

स्कॅन चालू नाही म्हणजे मशीन बंद आहे, हा समज किती महागात पडतो ते २७ जानेवारी २०१८ ला मुंबईच्या नायर रुग्णालयात दिसलं. पेशंटसोबत आलेला बत्तीस वर्षांचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेला, सिलिंडरसकट यंत्राकडे ओढला गेला आणि त्याचा जीव गेला. २००१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका रुग्णालयात सहा वर्षांचा मुलगा अशाच सिलिंडरनं दगावला होता. सतरा वर्षांचं अंतर, दोन खंड, आणि चूक तीच.

तरी सिलिंडर डोळ्यांना दिसतो. स्ट्रेचर दिसतं, व्हीलचेअर दिसते. दारावर रोखता येतात. आजीच्या पदराच्या गाठीतले रुपया-दोन रुपयेही सोडवून घेता येतात. ही नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाची असतात, हे तिथं येईपर्यंत कुणाच्या ध्यानात नसतं. चुन्याची डबी, अडकित्ता, ब्लाउजची पिन, केसांचा आकडा असं सगळं बाहेरच्या ट्रेमध्ये जमा होतं. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या तंत्रज्ञाचा खरा कस लागतो तो यानंतर, कातडीच्या आतल्या धातूशी. तो काढून ठेवता येत नाही, आणि बरेचदा ज्याच्या अंगात आहे त्यालाही त्याचा पत्ता नसतो.

छापील फॉर्मवर प्रश्न असतो: शरीरात कोणतंही इम्प्लांट आहे का? नव्यानं रुजू झालेला मुलगा तो जसाच्या तसा वाचतो आणि ‘नाही’वर खूण करून मोकळा होतो. जुना तंत्रज्ञ खुर्ची जवळ ओढतो. मग संवाद साधारण असा होतो.

‘आजी, अंगात काही मशीन, तार, पट्टी बसवली हाये का?’

‘नाही जी.’

‘ऑपरेशन झालं कोणतं?’

‘नाही जी. नागपूरले दिलाची मशीन टाकली, तेवढीच.’

आजी खोटं बोलत नसते. पेसमेकर बसवताना तिला पूर्ण भूल दिलेली नसते, पोट फाडलेलं नसतं, दोन-तीन दिवसांत ती घरी आलेली असते. याला ती ऑपरेशन कशाला म्हणेल? राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. पुढे ती महात्मा फुले यांच्या नावानं चालू राहिली. तिच्यामुळे ज्यांनी स्वप्नातही नागपूरचं हृदयरोग रुग्णालय पाहिलं नसतं, त्यांच्या छातीत आज स्टेंट आणि पेसमेकर आहेत. ही चांगलीच गोष्ट झाली. पण पेसमेकरसोबत मिळालेलं छोटं कार्ड पावसाळ्यात भिजतं, रेशनकार्डाच्या पिशवीत हरवतं, नाहीतर ‘काम झालं’ म्हणून चुलीत जातं.

त्या कार्डावरच्या दोन ओळींवर सगळं अवलंबून असतं. पेसमेकरच्या डबीचं मॉडेल कोणतं आणि हृदयापर्यंत गेलेल्या तारा कोणत्या. जुन्या तारांना नवी डबी जोडलेली असली, किंवा एखादी निकामी तार आतच सोडलेली असली, तर डबीच्या खोक्यावर काय छापलंय याला फारसा अर्थ उरत नाही. कार्ड नसलं की तंत्रज्ञ छातीचा एक्स-रे मागवतो. बऱ्याच कंपन्या डबीच्या आत एक्स-रेत उमटणारी खूण किंवा कोड ठेवतात. फिल्म व्ह्यू-बॉक्सवर लावून, भिंग घेऊन, ती दोन-चार अक्षरं वाचायची, तारा टोकापासून टोकापर्यंत बोटानं तपासायच्या आणि मग कंपनीच्या माणसाला फोन लावायचा. तोवर आजी बाहेर बाकावर बसलेली असते.

एवढी खटपट तारांसाठी, कारण ओढ हा धोक्याचा फक्त एक भाग. अलीकडचे पेसमेकर बहुतांशी टायटॅनियमच्या खोळीत असतात, ते काही छातीतून उडून जात नाहीत. दुसरा भाग उष्णतेचा. प्रतिमा मिळवण्यासाठी यंत्र दीड टेस्लाला सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी सोडतं. शरीरातली लांब तार त्या लहरी अँटेनासारखी पकडते आणि बहुतेक उष्णता टोकाशी उतरते, नेमकी जिथं ती तार हृदयाला किंवा मेंदूला टेकलेली असते. तारेची लांबी आणि लहरीची लांबी यांचा मेळ बसला तर ताप वाढतो. म्हणून कमी ताकदीचं मशीन म्हणजे जास्त सुरक्षित, हा हिशेब चुकतो. दीड टेस्लाला चालणारं उपकरण तीन टेस्लाला चालेलच असं नाही आणि एक टेस्लाला निर्धोक असेल असंही नाही. पार्किन्सनच्या एका पेशंटचं प्रकरण २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवलेले होते. स्कॅन डोक्याचा नव्हताच, कमरेच्या मणक्याचा होता, आणि मशीन एक टेस्लाचं. इलेक्ट्रोडच्या टोकाभोवती मेंदूला इजा झाली आणि अपंगत्व कायमचं राहिलं.

अशी उदाहरणं वाचली की ‘नको रे बाबा’ म्हणणं सोपं होतं. कित्येक वर्षं जगभर तेच चाललं: पेसमेकर दिसला की एमआरआय रद्द. २०११ मध्ये अमेरिकेत एमआरआयसाठी तयार केलेल्या पहिल्या पेसमेकरला मान्यता मिळाली. मग २०१७ मध्ये मॅग्नासेफ नावाच्या नोंदवहीचे निष्कर्ष आले. ज्यांच्या उपकरणांना एमआरआयची परवानगी नव्हती, अशा पेसमेकर आणि डिफिब्रिलेटरच्या १,५०० स्कॅनचा तो हिशेब होता. आधी उपकरण तपासून योग्य मोडवर टाकलेलं, स्कॅनभर ईसीजी आणि ऑक्सिजनवर नजर, नंतर पुन्हा तपासणी. नियम पाळले तिथं स्कॅनदरम्यान एकही मृत्यू झाला नाही, एकही तार निकामी झाली नाही.

भामरागडच्या माणसाला ‘नाही’ म्हणण्याची किंमत काय, हे त्या आकड्यांत येत नाही. तो गडचिरोलीला यायलाच पावणेदोनशे किलोमीटर येतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तेही नाही. दोन दिवसांची मजुरी बुडवून, सोबत एकाला घेऊन आलेला माणूस ‘मशीन चालत नाही तुम्हाला’ ऐकून परत गेला, तर तो पुन्हा येत नाही. त्याच्या मणक्यातली गाठ किंवा डोक्यातला टीबी वाढत राहतो. कागदोपत्री मात्र एमआरआय विभागात कोणतीही दुर्घटना घडलेली नसते.

या मुलखात आणखी एक धातू आहे, तो कोणत्याही कंपनीच्या कार्डावर नसतो. घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूरच्या कोळसा खाणी, वीजकेंद्राची देखभाल, गावोगावची वेल्डिंगची दुकानं, आता सुरजागडचं लोखंड. ग्राइंडरवर चष्म्याविना काम केलेल्या माणसाच्या डोळ्यात पोलादाचा बारीक कण अडकून राहू शकतो आणि त्याला त्याचा त्रासही नसतो. १९८६ मध्ये अमेरिकेत पत्रे कापणाऱ्या एका कामगाराच्या डोळ्यातला असा कण एमआरआयमध्ये हलला, आत रक्तस्राव झाला. म्हणून प्रश्न ‘डोळ्यात धातू आहे का’ असा विचारायचा नाही. ‘काय काम करता? ग्राइंडर चालवला कधी? डोळ्यात कचरा गेला म्हणून डॉक्टरकडं गेलता का?’ असं विचारायचं. शंका आली तर डोळ्यांचा एक्स-रे, एक वर बघून, एक खाली बघून. दोन्हींत कण जागा बदलत असेल तर तो डोळ्यातच आहे.

गडचिरोलीकडं हाच प्रश्न वेगळं वळण घेतो. भरमार बंदुकीचा छर्रा, जुन्या चकमकीतली गोळी, सुरुंगाचा तुकडा. १९९० पासून पोलिसांच्या नक्षलविरोधी सी-६० पथकाचे जवान आणि नंतर केंद्रीय दलं या जंगलात आहेत, आणि गावकरीही मध्ये सापडलेले आहेत. शिशाची आणि तांब्याची गोळी चुंबक ओढत नाही. पोलादी गाभ्याची ओढतं. सुरुंगाचा तुकडा तर बहुधा लोखंडच. अंगात छर्रा आहे हे साध्या गावकऱ्याला अनोळखी माणसासमोर कबूल करायचं नसतं, कारण पाठोपाठ ‘कुठं लागला, कुणी मारला’ हे येईल अशी धास्ती असते. इथं तंत्रज्ञाला खोलीतून बाकीच्यांना बाहेर पाठवावं लागतं आणि सांगावं लागतं की हे फक्त मशीनसाठी आहे. माडिया किंवा गोंडी बोलणारा असेल तर दुभाषा म्हणून सिस्टर किंवा वॉर्डातली मावशी, सिरोंच्याचा असेल तर तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीचा असेल तर कधी बंगाली.

आत घेतल्यावरही काम संपत नाही. माडिया बाईच्या कपाळावरचं, हातावरचं जुनं गोंदण काजळीचं असेल तर काळजी नाही. जत्रेत मशीननं काढलेल्या रंगीत टॅटूत लोहाची रंगद्रव्यं असू शकतात, त्यावर ओला नॅपकिन ठेवायचा आणि चटका जाणवला तर लगेच सांगायला सांगायचं. पितळी कडं चुंबक ओढणार नाही, पण रेडिओलहरींत ते तापू शकतं, म्हणून साबण लावून का होईना ते उतरवायचं. आणि हात. घाबरलेला माणूस बोगद्यात शिरताना छातीवर दोन्ही हात जोडतो. जोडलेले हात म्हणजे शरीरातून जाणारं बंद वर्तुळ. प्रवाह तिथून फिरला तर कातडी जिथं कातडीला टेकते तिथं भाजू शकतं. तंत्रज्ञ हळूच हात सोडवतो, बाजूला ठेवतो, मध्ये पॅड सारतो. मांड्यांच्या मध्येही पॅड. ‘देवाचं नाव मनात घ्या, हात खाली राहू द्या.’

या भागातल्या मेंदूच्या एमआरआयचा संबंध सिकलसेल या रक्ताच्या आजाराशी फार जवळचा. सिकलसेलच्या मुलांमध्ये कोणतंही बाह्य लक्षण नसताना मेंदूत छोटे निकामी डाग पडतात, ते फक्त एमआरआयमध्ये दिसतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत असे डाग असलेल्या १९६ मुलांपैकी अर्ध्यांना नियमित रक्त देऊन पाहिलं; नव्या आघातांचं प्रमाण १४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं. हाच आजार खुब्याचं हाडही खातो. म्हणजे ज्याच्या मेंदूची प्रतिमा हवी, त्याच पेशंटच्या अंगात कृत्रिम सांधा किंवा रक्त-औषधांसाठी बसवलेला पोर्ट असण्याची शक्यता जास्त. यातली बहुतेक साधनं अटी पाळून चालतात. पण संशोधनाच्या नियमावलीत ‘शरीरात धातू असलेले वगळावेत’ अशी ओळ सहज पडते, आणि सर्वांत जास्त आजारी माणूस अभ्यासाबाहेर राहतो.

तीच ओळ मेंदूत इलेक्ट्रोड असलेल्यांनाही बरीच वर्षं बाहेर ठेवत होती. टोरांटोच्या गटानं २०२१ मध्ये पार्किन्सनच्या ६७ पेशंटचे मेंदू, इलेक्ट्रोड चालू ठेवून, तीन टेस्लाच्या मशीनमध्ये पाहिले आणि कोणत्या सेटिंगला मेंदू कसा प्रतिसाद देतो यावरून योग्य सेटिंग ओळखण्याची वाट काढली. आधी प्रतिकृतीवर उष्णता मोजली, मगच माणसं घेतली. कॉक्लियर इम्प्लांटचंही तसंच. केंद्राच्या एडिप योजनेतून ते गरीब घरच्या बहिऱ्या मुलांपर्यंत पोचलं. त्याच्या आतच छोटं चुंबक असतं. काही मॉडेलमध्ये ते फिरून स्वतःला जुळवून घेतं, जुन्यांत डोक्याला घट्ट पट्टी बांधूनच स्कॅन करता येतो, काहींत चुंबक आधी काढावं लागतं. कोणतं मॉडेल, हे आईला माहीत नसतं.

ते कुणाला माहीत असतं? योजनेतून बसवलेल्या इम्प्लांटचं स्टिकर बिलाच्या कागदपत्रांसोबत जातं. पैसे मिळावेत म्हणून ती नोंद होते आणि फायलीत राहते. तोच नंबर एटापल्लीच्या आरोग्य केंद्रातून, रेशनकार्ड सांगून, फोनवर मिळाला तर एक्स-रे, भिंग आणि कंपनीला फोन यातलं बरंच वाचेल. सध्या काही तंत्रज्ञ आपल्यापुरती युक्ती करतात: कार्ड सापडलं की त्याचा फोटो पेशंटच्या नातवाच्या मोबाइलमध्ये काढून ठेवायला लावतात, एक प्रत आशाताईकडं पाठवायला सांगतात, आणि नंबर आपल्या रजिस्टरमध्ये, पेशंटच्या गावासमोर, लाल पेननं लिहून ठेवतात.