‘च’ची गाठ

“हिशोब जुळलाच पाहिजे ना, मॅडम?”

समोर बसलेले गृहस्थ एसटीत कंडक्टर. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) छातीत धडधडतं, झोप लागत नाही, घरात सारखी चिडचिड. हृदयाच्या डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट बघितले, काही निघालं नाही, म्हणून माझ्याकडे पाठवलेले. आल्या आल्या त्यांनी विचारलं, “गोळी देणार का?” मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, गोळ्या लिहून देत नाही. गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते. माझं काम ऐकण्याचं, आणि त्यातही एका अक्षराच्या मागावर राहण्याचं.

एम.ए. झाल्यावर दोन वर्षांचं एम.फिल. केलं, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी केली. चाचण्या शिकले, रोर्शाकचे शाईचे दहा डाग शिकले. पण हाताला वळण लागलं ते अल्बर्ट एलिस यांच्या पद्धतीनं. 1955 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये त्यांनी ती मांडली. मराठीत ती रुजवली कि. मो. फडके यांनी. एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरत. मग एका बागेत बाकावर बसलेल्या शंभरेक अनोळखी बायकांशी ते मुद्दाम जाऊन बोलले. एकीनं भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. पण आभाळ कोसळलं नाही, हे त्यांना उमगलं. घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला हट्ट माणसाला जास्त छळतो, असं ते पुढे सांगत राहिले. मी यशस्वी व्हायलाच हवं, लोकांनी माझ्याशी नीट वागायलाच हवं, जगणं सोपं असायलाच हवं: हट्टाचे हे तीन प्रकार.

हे सगळं मी इंग्रजीत शिकले. मराठीत ऐकायला बसले तेव्हा कळलं, आपल्याकडे हा अख्खा हट्ट एका ‘च’मध्ये मावतो.

काही भेटींनंतर एकदा कंडक्टरसाहेब घरचं सांगत होते आणि मी लिहून घेत होते. पोरगा नऊच्या आत घरी आलाच पाहिजे. मी बोलायला लागलो की टीव्ही बंद झालाच पाहिजे. दहा मिनिटांनी वही त्यांच्याकडे फिरवली. प्रत्येक ‘च’भोवती पेन्सिलीनं गोल केला होता. तिकिटांचा हिशोब तपासावा तसं एकेका ओळीवर बोट ठेवत त्यांनी वाचलं.

“हे मी बोललो?”

“तुम्हीच.”

ते हसले. मग ‘हिशोब जुळलाच पाहिजे’ या ओळीवर बोट थांबलं. “पण हा खोडता येणार नाही. तूट आली तर खिशातून भरावी लागते.”

“नका खोडू. तो डेपोतला आहे. डेपोतच राहू दे.”

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे मी पोराचाही रोज हिशोबच घेतोय.”

हे वाक्य माझ्या तोंडी आलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि विसरून गेले असते. ते त्यांचं त्यांना सापडावं लागतं.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. शिकाऊ असताना एका वॉर्डात एक आई म्हणाली, “त्या दिवशी त्याला गाडी द्यायलाच नको होती.” मुलगा अपघातात गेला होता. मी नुकतीच एलिस वाचून आलेली. उत्साहानं विचारलं, “नकोच होती असं का म्हणता? तुम्हाला आधी कसं कळणार होतं?” प्रश्न तर्काला धरून होता. बाईंनी पदर नीट केला आणि पुढे त्या एक शब्द बोलल्या नाहीत. आमच्या मार्गदर्शक बाई नंतर एवढंच म्हणाल्या, “तो ‘च’ सोडवायचा नव्हता गं. त्याच्याजवळ बसायचं होतं.”

त्या आईचा ‘च’ कुणाकडे काही मागत नव्हता. ते नुसतं रडणं होतं, वाक्याच्या रूपात आलेलं. कानाला दोन्ही ‘च’ सारखेच लागतात; फरक आवाजात असतो, हातांच्या चाळ्यात असतो, वाक्य संपल्यावरच्या शांततेत असतो. पुस्तकात तो सापडत नाही. म्हणून आता पहिल्या दोन-तीन भेटी मी पेन्सिल उचलतच नाही.

कंडक्टरसाहेब आठ-नऊ वेळा आले. मुलगा अजूनही कधीकधी साडेनऊला येतो. हल्ली ते आधी ताट वाढतात, मग विचारतात. झोप बरी आहे.

परवा निघताना दारात थांबून म्हणाले, “पुढच्या बुधवारी येतोच.”

मी वही मिटली. हा ‘च’ राहू दिला.