नातवंडांसह पैठणास

आमच्या शहराने आजवर चार नावे धारण केली. मलिक अंबराने १६१० मध्ये राजधानी म्हणून वसविले तेव्हा ते खडकी होते. त्याच्या पुत्राने त्यास फत्तेनगर म्हटले. औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून सरकारदप्तरी ते छत्रपती संभाजीनगर आहे. ज्याने ते वसविले तो मलिक अंबर मूळचा हबसाणातला, गुलाम म्हणून विकला जात जात दक्षिणेत आलेला. तीसपस्तीस वर्षे मी हा इतिहास वर्गात शिकविला. परंतु आपले शहर मुळात परदेशातून आलेल्या माणसांचे आहे ही गोष्ट, खरे सांगावयाचे तर, गेल्या मार्गशीर्षापर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती. ती आणून देण्यास आठ व अकरा वर्षांची दोन नातवंडे न्यू जर्सीहून यावी लागली.

चिरंजीव तिकडे गेल्यास आता चौदा वर्षे होतील. नात मोठी, नातू धाकटा. दोघांचेही मराठी समजण्यापुरते चांगले आहे. रविवारच्या मराठी शाळेत ती नियमाने जातात. मात्र नातू मला ‘आजोबा, तू ये ना’ असे म्हणतो. पहिल्या दिवशी हे ‘तू’ कानाला बोचले. माझ्या वडिलांना मी जन्मात कधी एकवचनी हाक मारली नव्हती. सूनबाईंनी मुलाला दटावले, तेव्हा तो गोंधळून म्हणाला, “पण आईला तू म्हणतो, बाप्पालाही तू म्हणतो. मग आजोबांना का नाही?” यावर व्याकरणाच्या आधाराने देण्याजोगे उत्तर मजपाशी नव्हते. मी विषय बदलला.

त्याच रात्री दुसरी एक गोष्ट घडली. जेवण आटोपल्यावर नातू आपले ताट उचलून मोरीकडे निघाला. तिकडे त्यांच्या घरी तसा रिवाज आहे. माझ्या कुटुंबाने त्यास थांबविले. “ठेव रे बाळा, मुलग्यांनी ताटे उचलायची नसतात.” मागोमाग नात उठली; तिला कोणी थांबविले नाही. ती ताट हातात घेऊन क्षणभर उभी राहिली, एकदा आजीकडे व एकदा भावाकडे पाहिले, आणि मोरीत गेली. बोलली काही नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

सूनबाईंविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. परदेशी राहणाऱ्या सुना घरचे सारे सोडून देतात, अशी जी समजूत आपल्याकडे आहे, ती निदान आमच्या घरी लागू पडत नाही. दिवेलागणीचे ‘शुभं करोति’ त्यांनी चुकविलेले नाही. अडचण एवढीच की, तिकडे मार्गशीर्ष-पौषात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्या वेळी मुले शाळेच्या बसमध्ये असतात आणि चिरंजीव कचेरीत. “म्हणून नाना, आमच्याकडे सूर्य मावळला म्हणजे दिवेलागण होत नाही. चौघे घरी आलो म्हणजे होते,” असे त्यांनी मला सांगितले. सोवळे त्यांनी सोडले, श्रावणी सोमवार सोडले. गणपती ठेवला आणि त्याचे विसर्जन घरच्याच बादलीत होऊ लागले. काय ठेवावे आणि काय सोडावे याचा विचार त्या बाईने एकटीने, परक्या देशात, हाताशी एकही वडील माणूस नसता केला आहे, हे मला त्या वेळी सुचले नाही. त्या वेळी मी बादलीवरून थोडा कुरकुरलो.

दुसऱ्या दिवशी मुलांना पाणचक्की दाखविली. खाम नदीच्या काठी ही जागा आहे. उत्तरेकडील डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी आणून, ते उंच भिंतीवर चढवून, तिथून हौदात सोडले आहे. त्या पडत्या पाण्याच्या जोरावर एक जाते फिरत असे आणि आश्रितांसाठी व प्रवाशांसाठी पीठ दळले जाई. नातवाला यंत्रात रस, नातीला हौदातल्या माशांत. मी तिथल्या दर्ग्याची हकीकत सांगू लागलो. बाबा शाह मुसाफिर हे बुखाऱ्याजवळच्या घिजदुवान गावचे. औरंगजेबाच्या काळी मध्य आशियातून कितीतरी शिपाई नशीब काढावयास दक्षिणेत आले. घरापासून हजारो कोस दूर पडलेल्या त्या माणसांना आपली बोली बोलणारे आणि आपल्या गावाची आठवण काढणारे कोणी भेटावे, तर ते या ठिकाणी. “म्हणजे महाराष्ट्र मंडळ!” नात एकदम म्हणाली. मी हसलो, पण विचार करता तिचे म्हणणे तंतोतंत खरे वाटले. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांनी १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापिले, ते याच गरजेपोटी.

पैठणास आम्ही त्याच आठवड्यात गेलो. जाण्यास सबळ कारण होते. नातवास आठवे वर्ष चालू असल्याने त्याची मुंज येत्या ज्येष्ठात, तिकडील शाळांना मोठी सुटी लागताच, पैठणास गोदातीरी करावी असे माझ्या मनात होते आणि जागा पाहून ठेवावयाची होती. शहरापासून पैठण सुमारे पन्नास किलोमीटर. चितेगाव, बिडकीन, ढोरकीन ही गावे मागे पडू लागली तशी मुलांना मी आमच्या घराण्याची कथा सांगितली. माझे आजोबा पैठण तालुक्यातील एका खेड्यातून शहरात आले ते वडिलांच्या शिक्षणासाठी. मुलूख निजामाचा, सरकारी शाळेत शिक्षणाची भाषा उर्दू. शहरात १९१५ पासून सरस्वती भुवनसारखी आपली शाळा होती खरी, परंतु आजोबांची दृष्टी सरकारी नोकरीवर. वडील दिवसभर उर्दूतून गणित व भूगोल शिकत आणि संध्याकाळी घरी आले की अंगणात कपडे बदलून, हातपाय धुऊन, मगच माजघरात पाऊल टाकीत. चुकून घरात उर्दू शब्द निघाला तर आजोबांचा डोळा वटारलेला असे. तरी वडील अखेरपर्यंत दुधाचा हिशेब उर्दू अक्षरांतच लिहीत. “म्हणजे पणजोबापण आमच्यासारखेच होते!” नातू म्हणाला.

नळाच्या पाण्याचीही गोष्ट सांगितली. तोटीतला वायसर चामड्याचा, म्हणून आजोबांनी नळाचे पाणी कधी घेतले नाही. आजी विहिरीवरून घागरी आणीत राहिली. पुढे तिची कंबर गेली, तेव्हा एके दिवशी वडिलांनी न विचारता माठ नळावर भरला आणि स्वतः आधी प्याले. आजोबा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या तांब्यात नळाचे पाणी होते की विहिरीचे, हे कोणी विचारले नाही व कोणी सांगितले नाही. ही कथा मी आजवर विनोद म्हणून सांगत आलो. सूनबाई मात्र हसल्या नाहीत. “कंबर जाईपर्यंत थांबायला हवं होतं का, नाना?” असे त्यांनी मागच्या बाजूने हळूच विचारले.

पैठणात प्रथम नाथांचा वाडा पाहिला. श्रीखंड्याच्या रूपाने भगवंतांनी ज्यात पाणी भरले असे सांगतात तो रांजण मुलांना फार आवडला. तिथे बसून मी त्यांना हरिपंडितांची आख्यायिका सांगितली. नाथ प्राकृतात पुराण सांगतात आणि कोणाच्याही घरी जेवतात, हे त्यांचे पुत्र हरिपंडित यांना रुचेना. ते रुसून काशीस गेले. नाथांनी जाऊन त्यांना परत आणले, पण अटी पुत्राने घातल्या: पुराण संस्कृतातच सांगावयाचे आणि परान्न घ्यावयाचे नाही. पित्याने त्या मान्य केल्या. श्रोते ओसरू लागले. पुढे सहस्रभोजनाचा संकल्प पुरा करू न शकलेल्या एका गरीब बाईच्या घरी नाथ जेवले, आणि उष्टी पत्रावळ उचलावयास हरिपंडित वाकले तो एकीखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी, अशा हजार पत्रावळी निघाल्या. मुलांनी टाळ्या वाजविल्या. “म्हणजे त्यानं बाबांचं ताट उचललं,” नात म्हणाली. मी ‘होय’ म्हटले आणि पुढे निघालो. वाक्याचा रोख मागाहून कळला.

तेथून नागघाटावर आलो. पाणी संथ होते, पायऱ्यांवर ऊन पडले होते. रेड्यामुखी वेद वदविल्याची जागा ती हीच, असे सांगून मी मूळ प्रसंगाकडे वळलो. विठ्ठलपंतांनी संन्यास घेऊन पुन्हा संसार केला, म्हणून त्यांच्या मुलांच्या मुंजी लावण्यास ब्राह्मणांनी नकार दिला; आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, तरीही मुले बहिष्कृतच राहिली; अखेर निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताई ही चौघे भावंडे शुद्धिपत्र मागावयास चालत येथवर आली. आळंदीहून पैठण किती लांब, हे नातवाने विचारले. नातीने विचारले ते निराळे.

“मुंज नाही म्हणून ते चौघे आले ना? मग मुक्ताईची मुंज मागितली होती का?”

मी म्हटले, “नाही.”

“मग ती एवढं चालत का आली?”

वर्गात मी हा प्रसंग दरवर्षी सांगत असे. इतक्या वर्षांत कोणी हे विचारले नाही, याचा अर्थ कोणाच्या मनात आले नाही असा मात्र नव्हे. मी उगाच पायरीवरची वाळू झटकू लागलो. ती पुढे म्हणाली, “याची होणार आहे, माझी नाही. मी तिथे काय करायचं? पाहुण्यांना पाणी द्यायचं?”

मुंजीची जागा पाहणे तसेच राहिले. जायकवाडीच्या बांधाकडे निघालो. नाथसागराची पायाभरणी १९६५ साली झाली आणि धरण १९७६ साली पुरे झाले. त्या पाण्याखाली जी अनेक गावे गेली, त्यांत आमचेही खेडे. नातवाला मी हाताने दाखविले, “तिथे.” त्याने डोळे बारीक करून पाहिले, पाण्याशिवाय काय दिसणार? परतीच्या वाटेवर मोटारीत मुले झोपली तेव्हा सूनबाई बोलल्या, आणि त्यांचे बोलणे मी शक्य तितके त्यांच्याच शब्दांत देतो. “नाना, मुंजीला माझी ना नाही. पण करायची तर दोघांची करू, नाहीतर कोणाचीच नको. तिकडे शाळेत, खेळात, मुलगी म्हणून तिला कुणी मागे उभं करत नाही. मागे उभं करणारी एकच जागा तिला ठाऊक झाली, आणि ती आपलं घर असली, तर मोठी झाल्यावर ती कशाकडे पाठ फिरवील?” चिरंजीव शेजारी बसून मोबाइलात काहीतरी पाहत होते. अशा वेळी पुरुषांना महत्त्वाचे काम निघते. मलाही माझ्या वेळी निघत असे.

मला रात्री झोप लागली नाही. हरिपंडितांच्या कथेचा एक धागा मी मुलांना सांगितलाच नव्हता. नाथांची मराठी वाणी ज्याला नकोशी झाली तो मुलगा. आणि पुढच्या पिढीत ती ज्याच्या मुखी वसली, तो महाभारतकार कवी मुक्तेश्वर हा, परंपरा सांगते त्याप्रमाणे, नाथांच्या मुलीचा मुलगा. आणखी एक गोष्ट मला पुरती ठाऊक होती. हारीताच्या वचनात ब्रह्मवादिनी व सद्योवधू असे स्त्रियांचे दोन प्रकार सांगून पहिलीस उपनयन, अग्निसेवा, वेदाध्ययन आणि स्वगृही भिक्षा विहित केली आहे. पुढील निबंधकारांनी ते पूर्वकल्पातील म्हणून बाजूस सारले. बाणाची महाश्वेता यज्ञोपवीत धारण करते. म. म. काणे यांनी या सर्वाची चर्चा केली आहे. हे मी वाचले होते, अधूनमधून शिकविलेही होते. माझ्या वर्गात संस्कृतात पहिल्या येत त्या बहुधा मुलीच. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी कित्येक वर्षे मुलींची उपनयने करीत आहे, हेही माहीत होते. पोथीतले ज्ञान पोथीतच राहिले, याचा दोष पोथीकडे जात नाही.

सकाळी नाशिकला कन्येस फोन केला. चिरंजीवांची मुंज झाली तेव्हा तोही आठ वर्षांचा होता आणि ही अकरा. नातीचा प्रश्न तिला सांगितला. पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग ती हसत म्हणाली, “नाना, मीही विचारलं होतं. तुम्ही मला मातृभोजनाची पानं मांडायला पाठवलं होतं.”

मला ते आठवत नव्हते. अजूनही आठवत नाही. तिला मात्र कोणत्या पंक्तीत किती पाने मांडली होती, तेही आठवते.

आमचे घरचे उपाध्याय म्हणाले, “मुलाची लावतो, मुलीचे आमच्या प्रयोगात नाही.” त्यांना मी नमस्कार केला आणि पुण्यास पत्र घातले. कुटुंबाने दोन दिवस मौन पाळले. तिसऱ्या दिवशी कपाटातून भिक्षावळीची चांदीची वाटी काढून ती घासता घासता, “हिच्या जोडीची दुसरी कुठे मिळेल, सराफ्यात पाहा,” एवढेच म्हणाल्या. नातीला विचारले तेव्हा तिने आधी, डोके भादरावे लागेल काय, याची चौकशी केली. लागणार नाही, असे कळल्यावर होकार दिला. नातू त्यामुळे नाराज आहे.

आता एक नवीनच पेच पडला आहे. ज्येष्ठ अपत्याचे मंगलकार्य ज्येष्ठ मासात करीत नाहीत असा संकेत आहे, आणि घरात ज्येष्ठ ती आहे. तिकडील शाळांना चैत्राच्या सुमारास आठवडाभर सुटी असते असे सूनबाई सांगतात. पंचांग काढून ठेवले आहे.